कॅप्टन म्हणजे नाखवा नव्हे

ब्रिटिश फौज आमच्या देशात उतरली त्या वर्षी मेलविक गावात दोनशे दहा माणसं, अकरा मोटरबोटी आणि एक टेलिफोन केंद्र होतं. केंद्र म्हणजे पोस्टाच्या मागची एक खोली. तिथे रानवेग बसायची. वय सव्वीस, लग्न झालेलं नव्हतं. अकुरेरीच्या शाळेत दोन वर्षं इंग्रजी शिकून आलेली गावातली ती एकटीच. त्यामुळे फौजेची छावणी गावाबाहेर पडली तेव्हा कुणी न नेमताच ती आपोआप दुभाषी झाली.

मी एयोल्फुर. तेव्हा टॉर्फीच्या बोटीवर होतो. टॉर्फी आमचा नाखवा. माणूस कमी बोलणारा, आणि बोलला की समोरच्याला लागेल असं बोलणारा.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी दोन वाजता छावणीतून केंद्रावर फोन आला. ईशान्येचा वारा सुटला होता, तारांवर बर्फ बसलं होतं आणि आवाज तुटत होता. फोन करणारा छावणीतला तरुण अधिकारी होता. तो म्हणाला, कॅप्टन आणि पाच माणसं पलीकडून ओलांडून येत होती, बाराला पोचायला हवी होती, अजून आली नाहीत, गावातली माणसं शोधायला पाठवा. कुठून ओलांडून, ते त्याने सांगितलं असेल. रानवेगला ऐकू आलं नाही.

फौजेने एक मोटरबोट भाड्याने घेतली होती. खाडीच्या पलीकडच्या धक्क्यावरून ती रोज सामान आणायची. ओलांडून येणारं म्हणून गावाला ठाऊक होतं ते तेवढंच. आणि कॅप्टन या शब्दाला आमच्याकडे एकच शब्द होता, स्किपस्त्योरी, म्हणजे नाखवा. बोट चालवतो तो. दुसरा कुठला कॅप्टन असतो हे आम्हाला कळायचं कारणच नव्हतं. आमच्या देशाला सैन्य नाही.

रानवेग शाल न घेताच धक्क्यावर पळत आली.

"टॉर्फी, फौजेच्या बोटीचा नाखवा परत आला नाही. बरोबर पाच माणसं आहेत."

टॉर्फीने खाडीकडे पाहिलं. पाणी पांढरं झालं होतं.

"कधीपासून?"

"बारापासून."

"दोन तास झाल्यावर आठवण झाली त्यांना," टॉर्फी म्हणाला आणि बोटीत उतरला.

आम्ही तीन बोटी काढल्या. गावातले धडधाकट बाप्ये बहुतेक सगळे त्या तीन बोटींत होते. बाहेर काय झालं ते लांबवून सांगण्यात अर्थ नाही. लाटा डोक्यावरून जात होत्या, दोरांवर बर्फ धरत होतं, आणि आम्ही ओरडत होतो तो आवाज आमचा आम्हालाच ऐकू येत नव्हता. अंधार पडता पडता आम्ही पलीकडच्या धक्क्याला लागलो. लागताना बोट आपटली आणि धक्का व बोट यांच्यामध्ये टॉर्फीचा डावा हात सापडला. दोन बोटं चेचली गेली.

फौजेची बोट तिथेच बांधलेली होती. तिचा नाखवा शेडमध्ये बसून राय धान्याच्या पावाबरोबर कॉफी पीत होता.

"वादळात कोण निघणार?" तो म्हणाला. "मी सकाळपासून इथेच आहे. तुम्ही का आलात?"

टॉर्फीने हाताला फडकं गुंडाळलं होतं. त्यातून रक्त टपकत होतं.

"तुला शोधायला," तो म्हणाला.

आम्ही गावात परतलो तेव्हा सहा वाजले होते. धक्क्यावर औडुन घोडा धरून उभा होता. औडुन म्हणजे हेदरसेल वाडीवरच्या ग्रोआचा दीर. हेदरसेल हे पठाराखालचं शेवटचं घर, तिथे टेलिफोन नव्हता. त्याच्याकडून, आणि बाकीचं नंतर रानवेगकडून, आम्हाला खरं कळलं. कॅप्टन बोटीत नव्हताच. तो पायदळाचा कॅप्टन होता, विदरबी नावाचा. शेजारच्या खाडीतल्या ठाण्याहून पाच माणसं घेऊन तो पठार ओलांडून चालत येत होता. वर बर्फाच्या वादळात त्यांची वाट चुकली. हिबर्ट नावाचा कॉर्पोरल चालेनासा झाला. कॅप्टन त्याला घेऊन वाटेची खूण म्हणून रचलेल्या दगडांच्या आडोशाला बसला आणि सार्जंटला बाकीच्या तिघांसह मदतीसाठी पुढे पाठवलं. चार वाजता ते चौघे रांगत ग्रोआच्या दाराशी आले. ग्रोआ पंचावन्न वर्षांची विधवा. तिने तिघांना गोठ्यात गाईंच्या उबेला झोपवलं, दिराला घोड्यावरून गावाकडे धाडलं, आणि सार्जंटला घेऊन ढोपरभर बर्फातून गवत वाहायची घसरगाडी ओढत स्वतः वर गेली. सार्जंटला धड उभं राहता येत नव्हतं, पण जागा त्यालाच ठाऊक होती.

आम्ही वर पोचलो तेव्हा ती दोघं खाली येत होती. गाडीवर कॅप्टन जिवंत होता. हिबर्ट मेला होता. ग्रोआने दोघांनाही एकाच घोंगडीत बांधलं होतं.

"वेगळं बांधायला दोर नव्हता," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात चौकशी झाली. शहरातून एक मेजर आला, जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यांचा कारकून आला. शाळेच्या खोलीत टेबल मांडलं होतं. फोन करणारा तरुण अधिकारी म्हणाला, मी पठार असं स्पष्ट म्हणालो होतो. म्हणताना त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटतं तो खरंच म्हणाला असेल. तारेवर आवाज तुटत होता याला तीन साक्षीदार होते. मेजर त्याच दिशेने विचारत होता, म्हणजे दोष तारेवर जाईल आणि सगळे घरी जातील.

रानवेग उभी राहिली. तिने आधी इंग्रजीत सांगितलं, मग आपल्या भाषेत.

"तार वाईट होती. पण कॅप्टन हा शब्द मला नीट ऐकू आला होता. तो मी चुकीचा सांगितला. न कळलेलं परत विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही."

कारकुनाने ते लिहून घेतलं. कुणालाही शिक्षा झाली नाही.

गाव तिला वाईट बोललं असं नाही. पण माणसं ती माणसं. कोऑपरेटिव्हच्या दुकानात ती आली की कुणीतरी हळूच म्हणायचं, "नाखवा सापडला का ग?" आणि बाकीचे पिठाच्या पोत्यांकडे पाहायचे. टॉर्फीची दोन बोटं डॉक्टरने कापली होती. एकदा तो दुकानात असताना असंच कुणीतरी बोललं. टॉर्फी म्हणाला, "बोटं माझी गेली. बोलायचं झालं तर मी बोलेन. तुझं काय गेलं?" तेव्हापासून दुकानातलं बोलणं थांबलं.

डिसेंबरात कॅप्टन विदरबी काठी टेकत केंद्रावर आला. त्याच्या उजव्या पायाची सगळी बोटं गेली होती. मी तेव्हा केंद्रातला कोळशाचा स्टोव्ह दुरुस्त करत होतो. इंग्रजी मला कळत नव्हतं. काय बोलणं झालं ते रानवेगने मला नंतर शब्दन्‌शब्द सांगितलं.

तो म्हणाला, "मी उद्या इस्पितळाच्या जहाजाने जातोय. जाण्याआधी भेटावं म्हटलं. तुमच्यावर माझा राग नाही."

"बसा," ती म्हणाली. "मला एक विचारायचंय. खरं सांगाल?"

"विचारा."

"हिबर्ट कधीपर्यंत जिवंत होता?"

 मला आठवतं, तो काठीची मूठ चोळत बसला होता आणि मला वाटलं त्याचा पाय दुखतोय.

"चार वाजता तो बोलत होता," तो म्हणाला. "मी त्याला झोपू देत नव्हतो. दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहून त्याला काहीतरी विचारत होतो. आईचं नाव, रस्त्याचं नाव. पाचनंतर त्याने उत्तर दिलं नाही. तुमची ती बाई सहाच्या सुमारास आली."

रानवेगने मनात हिशेब केला. दोन वाजता माणसं पठाराकडे निघाली असती तर साडेचारला, फार तर पाचला त्या खुणेशी पोचली असती. पाच म्हणजे अगदी काठावर. वाचला असता असंही नाही, नसता वाचला असंही नाही.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली.

"मला दुसरं काही सांगता आलं असतं."

"मग मी परत विचारलं असतं."

तो उठला. दारातून वळून त्याने विचारलं, "तुमच्या भाषेत मी कोण आहे? नाखवा नाही, तर कोण?"

"अजून कुणी नाही," ती म्हणाली. "शब्दच नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती स्नाइब्योर्न मास्तरांकडे गेली आणि मलाही बरोबर घेऊन गेली. का, ते मला तेव्हा कळलं नाही. मास्तर पासष्टीचे, एकटे राहायचे. परका शब्द कानावर पडला की दात दुखल्यासारखं तोंड करायचे.

"मास्तर, मला फौजेच्या हुद्द्यांची यादी करायचीय," ती म्हणाली. "एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला आपले शब्द. दुकानात, धक्क्यावर, केंद्रावर, सगळीकडे लावायची."

"आपले शब्द?" मास्तर म्हणाले. "पोरी, ज्या घरात गाय नाही त्या घरात दाव्याला नाव कशाला असेल?"

"म्हणूनच तर आले."

मास्तरांनी चष्मा लावला आणि जुने कागद काढले. त्या हिवाळ्यात त्यांच्या टेबलावर वाळवलेला मासा, लोणी आणि कागद यांशिवाय काही नसायचं. जनरलला शब्द सहज सापडला. हेरशोव्दिंगी, सेनेचा म्होरक्या, जुन्या पोथ्यांतला. सार्जंटवर दोन दिवस गेले. शेवटी लिथ्याल्वी ठरलं, म्हणजे तुकडीला शिकवणारा. साध्या शिपायाला इंग्रजीत प्रायव्हेट म्हणतात, त्याचा सरळ अर्थ खासगी असा होतो. मास्तरांना त्याची फार मौज वाटली.

"खासगी? कुणाचा खासगी?"

"राजाचा असेल," मी म्हणालो.

"मग तो राजाने कपाटात ठेवावा, माझ्या कोंबड्यांमागे सोडू नये." त्यांनी ओब्रेइत्तुर असं लिहिलं. म्हणजे न बदललेला, जसा होता तसाच.

कॅप्टनवर मात्र दोघांचं भांडण झालं. रानवेगला होवुद्समादुर हवा होता. शब्दात डोकं आहे, माणूस आहे, समुद्र कुठेच नाही. मास्तरांनी लेखणी खाली ठेवली.

"हा शब्द डेन्मार्कच्या राजाच्या अंमलदाराचा आहे. तीनशे वर्षांपूर्वी आपल्या लोकांना चाबकाने फोडणारा तो होवुद्समादुर. मी तो कागदावर लिहिणार नाही."

"मास्तर, त्या अंमलदाराला कुणी बोटीत शोधायला जाईल का?"

"नाही."

"मग मला तोच हवा."

"माझ्याकडे चांगला शब्द आहे. स्वतः बनवलाय," मास्तर म्हणाले आणि तो म्हणून दाखवला. ऐकायला खरोखर गोड होता.

"तपासून बघू," रानवेग म्हणाली.

तेव्हा मला कळलं ती मला कशाला घेऊन आली होती. दुसऱ्या दिवशी तिने मला धक्क्यावरच्या मासळीच्या शेडमध्ये बसवलं. तिथे एक जुना फोन होता, गावातला सगळ्यात वाईट. त्या दिवशीही वारा होता. दार मी उघडं ठेवायचं, बाजूला इंजिन चालू ठेवायचं, आणि ती केंद्रावरून शब्द सांगेल तो जसा ऐकू येईल तसा तिला परत सांगायचा. यादीतला प्रत्येक शब्द तिने असा तीन-तीनदा पारखला. मास्तर तिच्या शेजारी कान लावून बसले होते.

मास्तरांचा गोड शब्द आला.

"काय ऐकलंस?"

"मेंढ्यांचा माणूस," मी म्हणालो.

"परत ऐक."

"मेंढ्यांचाच माणूस. कुणाच्या मेंढ्या हरवल्या?"

 मग रानवेगने होवुद्समादुर म्हटलं आणि तो मला इंजिनाच्या आवाजातूनही स्वच्छ ऐकू आला. मास्तरांनी तो यादीत घेतला. स्वतःच्या हाताने नाही, तिला लिहायला लावला.

जानेवारीत यादी तयार झाली. दुकानाच्या टाइपरायटरवर रानवेगने दोन पानं छापली. छावणीनेही एक प्रत मागितली. त्यांच्या यंत्रावर आमची काही अक्षरं नव्हती, म्हणून एका शिपायाने ती शाईने हाताने भरली आणि सगळी उलटी काढली. त्यानंतर फौजेकडून फोन आला की रानवेग ऐकलेलं परत म्हणायची, मग यादीतला शब्द सांगायची, मग विचारायची, जमिनीवर की पाण्यावर? अधिकारी सुरुवातीला हसायचे. नंतर तेच आधी सांगू लागले.

वसंतात जमीन मऊ झाली तेव्हा ग्रोआ गावात आली. हिबर्टला चर्चच्या आवारात पुरलं होतं आणि फौजेने त्यावर इंग्रजीत लाकडी क्रूस लावला होता. ग्रोआला शेजारी आपल्या भाषेत एक फळी हवी होती. फळी तिने स्वतः आणली होती, समुद्रातून वाहून आलेल्या लाकडाची.

"काय लिहू?" मास्तरांनी विचारलं. अक्षरं कोरायचं काम त्यांचं होतं.

"नाव लिहा. आणि तो कोण होता ते लिहा. यादी केलीत ना तुम्ही?"

मास्तरांनी कॉर्पोरलसमोरचा शब्द वाचून दाखवला. तो लांबलचक होता आणि त्याचा अर्थ सार्जंटच्या खालचा एवढाच होता.

ग्रोआने तो दोनदा म्हणायला लावला.

"मेलेल्या माणसाच्या उशाशी दुसऱ्याच्या खालचा असं लिहायचं?" ती म्हणाली. "मी त्याला गाडीवर घातला तेव्हा तो कुणाच्या खालचा नव्हता. कॅप्टनच्या शेजारीच होता."

"ग्रोआ, हुद्दा तोच आहे त्याचा," रानवेग म्हणाली. "चूक लिहिलं तर..."

"चूक लिहू नका. कमी लिहा."

शेवटी हेरमादुर लिहिलं. सैनिक. तो शब्द सगळ्यांना आधीपासून ठाऊक होता, यादीत घ्यायचीही गरज पडली नव्हती. फळी रोवताना ग्रोआने कुणाला हात लावू दिला नाही. रानवेग जरा लांब उभी होती. काम झाल्यावर ग्रोआ तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "चल पोरी, स्कीर आणलंय तुझ्यासाठी. खाल्ल्याशिवाय मी डबा परत नेणार नाही." दोघी चर्चच्या पायरीवर बसल्या. रानवेग खाता खाता रडली आणि ग्रोआ डब्यातल्या त्या घट्ट दह्यावर साखर घालत राहिली.

त्याच उन्हाळ्यात ब्रिटिश जाऊन अमेरिकन यायला लागले. हुद्दे बहुतेक तेच, पण लेफ्टनंटला ते लूटेनंट म्हणायचे, आणि रानवेगला वाटलं हा नवीनच कुणी आहे. खाडीत त्यांचं आरमार आलं, आणि आरमाराचा कॅप्टन हा पायदळाच्या कॅप्टनपेक्षा तीन पायऱ्या वर असतो हे तेव्हा कळलं. तो खरोखरच बोटीवरचा होता. मास्तर दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. यादी दोनाची सहा पानं झाली.

त्रेचाळीस साली रेक्याविकच्या एका सरकारी कचेरीतून पत्र आलं. परदेशी फौजेशी व्यवहार करायला माणसं हवी होती, आणि मेलविकमध्ये कुणी एक बाई प्रत्येक गोष्ट परत विचारते असं त्यांच्या कानावर गेलं होतं. रानवेगने पंधरा दिवस विचार केला. मीही त्या पंधरा दिवसांत एक गोष्ट तिला विचारली. ती म्हणाली, "एयोल्फुर, तू चांगला आहेस. पण इथे फोन वाजला की अजून माझे हात गार पडतात. तिकडे पडतात का ते बघायचंय मला."

मी पुन्हा विचारलं नाही.

तिला जहाजापर्यंत टॉर्फीने सोडलं. उरलेल्या तीन बोटांनी त्याने तिची पेटी वर दिली आणि सांगितलं, "तिकडे कुणी नाखवा हरवला तर आम्हाला कळव. आम्हाला सवय आहे." ती मोठ्याने हसली. त्या विषयावर ती हसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

दोन महिन्यांनी मास्तरांना तिचं पत्र आलं. त्यांनी ते मला वाचायला दिलं. कचेरी मोठी आहे, काम पुष्कळ आहे, हात गार पडत नाहीत. पण इथे आपली यादी कुणाला नको आहे, असं तिने सरळ लिहिलं होतं. इथले लोक कॅप्टनला काफ्टेइन म्हणतात, मेजरला मेजरच म्हणतात, आणि त्यांचं अडत नाही, कारण इथे समुद्र खिडकीतून दिसतो तेवढाच. मी एकदा होवुद्समादुर म्हटलं तर साहेबांनी विचारलं, कुठल्या शतकातून आलात?

मला वाटलं मास्तर चिडतील. त्यांनी पत्राची घडी घातली.

"सहा पानांपैकी किती शब्द राहतील, तुला काय वाटतं?" त्यांनी मला विचारलं.

"लिथ्याल्वी राहील. पोरं खेळात म्हणतात."

"एक," मास्तर म्हणाले. "एक काही वाईट नाही."

मग त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. पठारावर अमेरिकन लोक विमानासाठी धावपट्टी करत होते, आणि विमानाच्या भागांना आपल्याकडे एकही नाव नव्हतं. बोटीच्या मागच्या टोकाला तुम्ही खलाशी काय म्हणता, असं त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं.